पर्याय ड

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी निरोपाच्या दिवशी ऑफिसने दिली. वर सोनेरी अक्षरांत आमच्या वर्तमानपत्राचं नाव, आत साल मागचं. परदेशच्या बातम्यांच्या टेबलावर हयात घालवलेल्या बाईला मागच्या सालची डायरी द्यायलाही डोकं लागतं. वार खोडून नवे लिहायचे, एवढंच. जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या खोडल्या, त्यात हे काय जड आहे.

अगदीच हाकललं असंही नाही. आमचे नवे संपादक म्हणजे मालकांचे पुतणे. मी त्यांना छोटे सरकार म्हणते. कानामागून आले अन् तिखट झाले. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या अनुभवाचा आम्हाला उपयोग करून घ्यायचाय." उपयोग म्हणजे रविवारच्या पुरवणीत, भविष्याच्या खाली आणि शब्दकोड्याच्या वर, एक सदर. 'जग ओळखा'. आठवडाभरातल्या जगाच्या राजकारणावर दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, खाली माझं नाव. वाचकांनी उत्तरं पाठवायची, पुढच्या रविवारी बरोबर उत्तरं छापायची. भविष्य सांगणाऱ्याला माझ्या दुप्पट जागा आहे.

लोकांना वाटतं प्रश्न काढणं अवघड. प्रश्न कुणीही काढेल, आणि बरोबर उत्तर तर छापूनच आलेलं असतं. खरी कला चुकीच्या तीन पर्यायांची. ते असे हवेत की अर्धवट वाचणारा हमखास फसावा. अ, ब, क कुणालाही सुचतात. ड वर मात्र मी घाम गाळते. माझा ड असा असतो की जाणकाराने थबकावं आणि मनात म्हणावं, बाईंना कळतं हं!

अर्थात असे जाणकार आहेत कुठे. एक हुज्जतराव आहेत, दर आठवड्याला एका गुणासाठी भांडतात. गेल्या खेपेला कुठल्याशा सामुद्रधुनीवरून त्यांनी तीन पानी मेल पाठवला. ते खोटे, मी खरी, पण उत्तर द्यावं लागतंच.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहाबरोबर अहोंची परीक्षा घेतली. अहो म्हणजे माझा नवरा. ऐकू न येणाऱ्यांना कानाची मशीनं बसवून देण्याचं त्याचं दुकान आहे. दिवसभर म्हाताऱ्यांच्या कानाशी "आता ऐकू येतंय का?" म्हणत असतो. जगाशी त्याचा संबंध तेवढाच.

परराष्ट्रमंत्र्याने राजीनामा का दिला, यावर त्याने उत्तर दिलं, "कंटाळला असेल बिचारा." दहापैकी दोन, तेही अंदाजाने. वर म्हणतो, "तुझे सगळे प्रश्न कोण, कुठे आणि कधी असे असतात. मग पुढे त्या माणसांचं काय झालं, ते का नाही विचारत?" मी म्हटलं, त्याला चार पर्याय होत नाहीत.

एका वाचकाचा मेल मात्र वाचून मन भरलं. दर आठवड्याला त्यांची दहाच्या दहा उत्तरं बरोबर असतात. मी त्यांना 'पैकीच्यापैकी' असंच नाव ठेवलंय. लिहितात, "उत्तरांपेक्षा मला आपले चुकीचे पर्याय वाचायला आवडतात. त्यातून आपला आवाका कळतो." तीस वर्षांत ऑफिसातल्या एकाने असं म्हटलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बडबडीचा फोन आला. आमची एकुलती एक. लहानपणी हिच्या तोंडाला कुलूप नव्हतं, म्हणून बडबडी. आता दुभाषी आहे, दुसऱ्यांची बडबड या भाषेतून त्या भाषेत करते. धाकट्यांची भाषा येणारे लोक बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांतलं एक बोट आमचं.

थोरले आणि धाकटे हे आमच्या टेबलावरचे शब्द. एका देशाचे दोन झाले तेव्हापासून त्यांना कुणी खऱ्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. भाऊबंदकीच ती, फक्त कुऱ्हाडींच्या जागी तोफा. दोन वर्षं लढताहेत. आता म्हणे कुठल्यातरी तिऱ्हाइताच्या देशात गुपचूप बोलणी सुरू आहेत. बडबडी तिथेच आहे. कुठे ते सांगायचं नाही असं लिहून दिलंय तिने. बोलणी चालतात त्या घरात फोन बंद ठेवावा लागतो, म्हणून बाहेर फिरायला जाते आणि तिथून बोलते.

अहो फोन मोठ्या आवाजावर ठेवतो, म्हणजे दोघांना एकदम ऐकू येतं. माझ्याशी ती दोन वाक्यं बोलते, त्याच्याशी तासभर. ड्रायव्हर बेसूर गातो. स्वयंपाकघर सांभाळणारी बाई, तिला ती मावशी म्हणते, सूपच्या वाटीत जबरदस्तीने दुसरा डाव ओतते. तिच्या वरचा दुभाषी, म्हातारा, त्याला ती गुरुजी म्हणते, त्याने आपले हातमोजे हिला दिलेत आणि स्वतः खिशात हात घालून फिरतो.

"सगळं खारट लागतं गं इथे," ती म्हणाली. "वाळत घातलेले कपडेसुद्धा कडक होतात."

"बोलणी कशी चालली आहेत?" मी विचारलं.

"आई, हवा छान आहे," ती म्हणाली. आईशी असं बोलायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मी ओळखलं!

आज ती बोलत असताना मागे भोंगा झाला. एकदा लांबलचक, मग गप्प, मग पुन्हा एकदा आखूड. अहो म्हणाला, गाडी असेल. गाडी कसली! मिठाच्या खाणीचा भोंगा तो. पाळी बदलताना लांब आणि आखूड असा फक्त एकाच गावात वाजतो. तिथला संप चालू होता तेव्हा ती बातमी मी सजवली होती, 'दोन भोंग्यांचं गाव' हा मथळाही माझाच. खारट हवा, कडक झालेले कपडे, भोंगा. सगळी पत्रं त्या देशाच्या राजधानीकडे डोळे लावून बसलीत, आणि बोलणी चाललीत डोंगरातल्या एका मिठाच्या गावात. जगात किती जणांना ठाऊक असेल? आणि मी घरात बसून, चहा पिताना ओळखलं.

अहोला सांगितलं तर त्याचं तोंड एवढंसं झालं. "तिने सांगितलं नाही ना?"

"तिने कशाला सांगायला हवं? मला कळलं."

"मग कळलं ते विसर."

आयुष्यभर जे कळतं ते लिहायचं शिकले, आता विसरायला शिकवतोय. तरी गावाचं नाव मी इथे, माझ्या डायरीतसुद्धा लिहीत नाही. एवढा पोच मला आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारपर्यंत प्रश्न द्यायचे होते. नऊ झाले. सातवा अडला. 'थोरल्या आणि धाकट्यांची गुप्त बोलणी सध्या कोठे सुरू असल्याचे वृत्त आहे?' बरोबर उत्तर, राजधानी. तसंच छापून आलंय, वृत्तसंस्थेनेही तेच दिलंय. अ म्हणजे तळ्याकाठचं ते परिषदांचं शहर, ब राजधानी, क बंदर. ड काही केल्या बसेना. घातलेलं प्रत्येक नाव पोरकट वाटत होतं.

आणि मग बसलं.

दोन तास विचार केला, नाही असं नाही. पण मी ते बरोबर म्हणून देत नाहीये, चूक म्हणून देतेय. उलट ज्याला शंका असेल त्याचीही फिटेल, की इथे नक्की नाही, वर्तमानपत्राने स्वतःच चूक ठरवलंय. झाकायचंच असेल तर चुकीच्या पर्यायाइतकी सुरक्षित जागा नाही. शिवाय पुरवणी वाचतंय कोण? भविष्य वाचणारे.

छोटे सरकार नजर टाकून म्हणाले, "ड हे कुठलं खेडं काढलंत, मॅडम? कुणाला माहीत असणार?" मी म्हटलं, "तेच तर."

२३ फेब्रुवारी, रविवार

छापून आलं. अहोपुढे चहा ठेवला आणि वाचायला लागले. सातव्यापाशी त्याने हात वर केला.

"हे तू छापलंस?"

"चूक म्हणून छापलंय. जरा समजून घे."

"अगं, हात दाखवून अवलक्षण करतेस. पोर तिथे आहे."

"उत्तर ब आहे. ड नाही."

तो उठला, चपला घातल्या आणि फिरायला गेला. चहा तसाच. साखरेत मुंगी पडली तरी बाहेर नेऊन सोडणारा माणूस, त्याला राजकारण काय कळणार. संध्याकाळी आल्यावर म्हणाला, तिला सांगू या, म्हणजे ती तिकडच्या लोकांना सांगेल, ते बघतील काय करायचं ते. मी स्पष्ट नाही म्हटलं. पोर उगाच घाबरेल, आणि तिला वाटेल की आईने काहीतरी घोळ घातला. काही झालेलंच नाही तर सांगायचं काय? तिच्याकडे नेटवर आमचं पत्र उघडतही नाही. तो काही बोलला नाही. त्याचं गप्प बसणं मला होकार वाटतं, नेहमीच वाटत आलंय.

रात्री पैकीच्यापैकींचा मेल. "सातव्या प्रश्नाचा पर्याय ड वाचून थक्क झालो. हे नाव आपल्याला कसं सुचलं?"

जो प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी सात दिवस वाट बघत होते, तो ह्यांनी एका ओळीत विचारला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पैकीच्यापैकींना भेटले. त्यांनीच चहाला बोलावलं होतं, स्टेशनजवळच्या कॅफेत. मी समजत होते कुणीतरी निवृत्त प्राध्यापक असतील. निघाले माझ्याहून तरुण, राखी कोट, नखं स्वच्छ. आयात-निर्यातीचा व्यवसाय म्हणाले. माझ्यासाठी खुर्ची ओढली. अहोने शेवटची खुर्ची कधी ओढली आठवत नाही.

काय ऐकतात! मधे बोलत नाहीत, घड्याळ बघत नाहीत. संप, भोंगा, मथळा, सगळं सांगितलं. म्हणाले, "मॅडम, तीन पर्याय सगळेच देतात. असा चौथा द्यायला आतलं माणूस लागतं."

मी म्हटलं, "आतलं कसलं, पोटातलं!"

दोघंही हसलो. मग थोडं बडबडीबद्दल बोलले. आईने लेकीबद्दल बोलायचं नाही तर कुणी? हातमोज्यांची गोष्ट त्यांना फार आवडली. घर गावात आहे की गावाबाहेर, असं विचारलं. मी म्हटलं, ते कसं सांगणार, नदीकाठी फिरते एवढं ठाऊक आहे, फोनमधे पाण्याचा आवाज येतो. त्यांनी चहात साखर घेतली नाही आणि बिलही मला देऊ दिलं नाही.

घरी येताना उगीचच एक विचार आला, की त्यांनी स्वतःबद्दल काहीच सांगितलं नाही. पण मी विचारलंच नव्हतं. चांगल्या माणसावर शंका घ्यायची ही टेबलावरची खोड जाता जात नाही.

अहोला म्हटलं, मैत्रिणीकडे गेले होते.

२ मार्च, रविवार

बडबडी खुशीत होती. "बाबा, परवा मजाच झाली. थोरल्यांच्या माणसाने काहीतरी विनोद केला, आणि मी भाषांतर करायच्या आधीच धाकट्यांचा माणूस हसला. म्हणजे त्याला ती भाषा येते! दोन वर्षं कळत नसल्याचं सोंग. गुरुजी म्हणाले, आता आपली नोकरी जाणार, यापेक्षा चांगलं काय."

अहो म्हणाला, "अगं ऐक, आईने..." मी त्याच्याकडे बघितलं. तो थांबला, घसा खाकरला. "आईने विचारलंय, लोकरीचे मोजे आहेत ना?"

"आहेत. मावशीने विणून दिलेत. एक मोठा, एक लहान."

मग ती माझ्याशी बोलली, नेहमीपेक्षा बरंच. "आई, हे झालं ना, तर लोक घरी जातील गं. शाळेत, गोठ्यात, तळघरात राहणारे लोक." मला एकदम माझ्या पोरीचा अभिमान वाटला, आणि सांगावंसं वाटलं की मी ओळखलंय तू कुठे आहेस. जीभ चावून गप्प बसले. बघा, गुपित मलाही ठेवता येतं.

आज सातव्याचं उत्तर छापलं, ब. हुज्जतरावांनी ड लिहिलं होतं. नुसता ठोकताळा, पण गुण कापल्याबद्दल लगेच मेल. म्हणे, "आपण खात्रीने कसं सांगता की तिथे नाही?" त्यांना कळवलं, नियमाप्रमाणे प्रसिद्ध झालेलं वृत्त हाच आधार.

८ मार्च, शनिवार

काय झालं ते नीट लिहिते. नीट लिहिलं की नीट कळतं.

दुपारी फोन आला. अहो दुकानातून जेवायला आला होता, फोन टेबलावर, मोठ्या आवाजावर. ती नदीकाठी होती. सोमवारी सह्या होतील असं पहिल्यांदाच स्पष्ट बोलली. मग हसून म्हणाली, ड्रायव्हर गाडी धुतोय आणि गातोय, इथपर्यंत ऐकू येतंय, ऐका. तिने फोन लांब धरला असावा. खरंच कुणीतरी गात होतं, आणि खरंच बेसूर होतं. आम्ही दोघं हसलो.

तेवढ्यात एक आवाज झाला. लांबलचक.

मी म्हटलं, "खाणीचा भोंगा. पाळी बदलली."

अहो म्हणाला, "हा भोंगा नाही."

मग दुसरा आवाज. फोनच्या त्या एवढ्याशा तोंडातून आला म्हणून लहान वाटला. बडबडी म्हणाली, "बाबा, थांब," अगदी साध्या आवाजात, दार वाजलं म्हणून उठताना म्हणावं तसं. पुढे नुसती नदी. खूप वेळ नदी. मग फोन बंद झाला.

अहो अजून फोन कानाला लावून बसलाय.

९ मार्च, रविवार

जिवंत आहे. तिच्या संस्थेतून दोन ओळी आल्या. खरचटलंय, बाकी ठीक.

घर गेलं. कुणी केलं ते अजून कुणी कबूल करत नाही. ज्यांना तह नको होता त्यांनी, असं लिहितात. थोरल्यांतही असे आहेत, धाकट्यांतही. बोलणी मोडली. दोन्हीकडच्या तोफा पहाटेपासून पुन्हा सुरू. वृत्तसंस्थेच्या बातमीत गावाचं नाव होतं. मी ते शंभरदा वाचलं असेल. शेवटच्या ओळीत, 'एक वाहनचालक, एक स्वयंपाकीण व एक ज्येष्ठ दुभाषी यांचा मृत्यू.' तीन माणसं, एक ओळ. माझ्या टेबलावर असती तर मीही एकच ओळ दिली असती.

छोट्या सरकारांचा फोन. "मॅडम, तुमच्या ड मधे ते गाव होतं! काय नजर आहे तुमची! यावर एक चौकट लिहाल?"

मी फोन ठेवला. अहोने विचारलं कोण होतं. म्हटलं, चुकीचा नंबर.

११ मार्च, मंगळवार

कुणीतरी फोडलं असणार. अशा ठिकाणी किती माणसं येतात-जातात. ड्रायव्हर बाजारात जायचा, मावशी भाजीवाल्याशी बोलायची. भिंतीला कान असतात. पुरवणीतल्या एका चुकीच्या पर्यायावरून कुणी तोफ डागत नाही. हे मी अहोला सांगितलं. दुपारी पुन्हा सांगितलं. तो कानाच्या मशीनच्या पेट्या पुसत बसला होता, पुसलेल्याच पुन्हा पुसत होता. शेवटी म्हणाला, "मी तिला सांगायला हवं होतं. त्या दिवशी तोंडात आलं होतं."

असं बोलून त्याने अर्धा दोष स्वतःकडे घेतला. उरलेला अर्धा कुणाचा, ते बोलला नाही. माझ्या मनात आलं, की ओरडून भांडला असता तर परवडलं असतं.

या आठवड्यात पैकीच्यापैकींची उत्तरं आली नाहीत. पहिल्यांदाच. मी मेल केला, तर पत्ता अस्तित्वात नाही असं परत आलं. आजारी असतील.

१५ मार्च, शनिवार

बडबडी आली. गालावर पट्टी, हातात एकच हातमोजा. अहोने तिला जवळ घेतलं, तेव्हा त्याच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघत होती. मी चहा टाकायला गेले.

दिवसभर बोलली नाही. मी तिच्या आवडीचं सगळं केलं, ती जेवली, ताट उचलून ठेवलं. पायांत मावशीचे मोजे होते, एक मोठा, एक लहान. तिला कामावरून थांबवलंय. चौकशी चालू आहे. एवढंच अहोकडून कळलं.

१८ मार्च, मंगळवार

आज बोलली. लिहायचं नव्हतं, पण दुसरं काही करताच येत नाही मला.

भाजी निवडत होते. ती समोर येऊन बसली. मीच सुरुवात केली. म्हटलं, "चौकशीत काय ते बाहेर येईल. तू मनाला लावून घेऊ नकोस. कुणीही फोडलं असेल."

"कोणी?"

"कोणीही. मला काय माहीत."

"नाही, तू सांग. तुझं कामच आहे ना ते? पर्याय दे." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "अ कोण?"

मी म्हटलं, चेष्टा करू नकोस.

"अ कोण, आई?"

"तुमचा ड्रायव्हर. सारखा बाहेर जायचा."

"गाडी धूत होता. गेला. ब?"

"ती बाई. स्वयंपाकघरातली. बाजारात बोलली असेल."

"सूप ढवळत होती. गेली. क?"

मला दुसरं कुणी सुचेना. मी चौथीच्या पोरीसारखी भाजीकडे बघत होते. तोंडातून निघून गेलं, "तुझे गुरुजी."

तिने खिशातून तो एक हातमोजा काढला, टेबलावर ठेवला, त्याची बोटं सरळ केली.

"आणि ड मी वाचला," ती म्हणाली. "चौकशी समितीने वर्तमानपत्राचं एक कात्रण पुढे ठेवलं. आपल्या भाषेतलं. त्यांच्यात ती भाषा कुणालाच येत नव्हती. म्हणाले, तुम्हाला येते, भाषांतर करून सांगा. मी उभं राहून सांगितलं. प्रश्न सातवा. पर्याय अ. पर्याय ब. पर्याय क. पर्याय ड. मग खालचं नाव वाचलं. त्यांनी विचारलं, नात्यातल्या का? मी त्याचंही भाषांतर केलं. आई म्हणजे काय, ते."

मी म्हटलं, हो, मी हेच म्हटलं: "पण मी ते चूक म्हणून दिलं होतं. उत्तर ब होतं."

"तेही सांगितलं मी त्यांना," ती म्हणाली. "नियम आहे आमचा. जे असेल ते सगळं सांगायचं, गाळायचं काही नाही."

मग ती उठून बाबाच्या दुकानात गेली. अजून तिथेच आहे. खाली जाऊन पाहिलं काचेतून. तो तिच्या कानाशी काहीतरी करत होता, त्या आवाजाने तिला एका बाजूने कमी ऐकू येतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिचे डोळे मिटलेले होते. त्याचे ओठ हलत होते, "आता ऐकू येतंय का?" आत जावं असं फार वाटलं. काचेला हात लावला आणि वर आले.

राखी कोट आठवतोय. घर गावात आहे की गावाबाहेर. नदीकाठी, असं मी सांगितलं. मी सांगितलं.

२० मार्च, गुरुवार

प्रश्न पाठवले नाहीत. छोट्या सरकारांचे फोन घेतले नाहीत.

मेल मात्र उघडला. हुज्जतराव. "आपल्या २३ फेब्रुवारीच्या अंकातील सातव्या प्रश्नाला मी ड असे उत्तर दिले होते. आपण ते चूक ठरवून माझा एक गुण कापला. ताज्या घडामोडी पाहता माझेच उत्तर बरोबर होते, हे आता साऱ्या जगाने मान्य केले आहे. तरी माझा गुण मला परत मिळावा आणि चूक कोणाची होती, ते लेखी कळवावे."

पलीकडच्या खोलीत बडबडी आहे. दार उघडंच आहे, चार पावलंसुद्धा नाहीत. गेले दोन दिवस मी त्या दारापर्यंत जाते आणि काहीतरी विसरल्यासारखी परत येते.

हुज्जतरावांना लगेच उत्तर लिहिलं. "आपले उत्तर बरोबर होते. गुण वाढवला आहे. चूक माझी."